मेलेल्या वस्तादाशी कुस्ती

मेल्या मानसाशी कुस्ती लावायची, हे खूळ फकस्त आमच्याच गावाला सुचावं!

आमच्यात रीत अशी, की यात्रंतली शेवटची कुस्ती गावाच्या मल्लानं मानाचा फेटा बांधून खेळायची. आन् तो फेटा जुन्या मल्लाला समद्यांसमोर चीत करूनच मिळवायचा. फेटा हुता माझ्या बापाचा, सहादेव वस्तादाचा. तात्या गेल्या पावसाळ्यात वारले, तेबी समद्यांसमोर कुनाकडनं न हरता. आन् आता तो फेटा मागत हुता माझा नवरा, कानिफनाथ, त्यांचाच चेला. औंदा देवळाली प्रवऱ्याचा पैलवान येनार हुता. त्याच्याशी भिडायचं, एवढं एकच ह्यांच्या डोक्यात.

"तरन्या सहादेवासमोर कानिफ टिकला नसता," पारावर एक म्हनायचा.

"कानिफचा दम बघ, मग बोल," दुसरा म्हनायचा.

तवाचं दूध निराळं, आताचे डाव निराळे, असं दिवसभर चालायचं. माझ्या तर डोक्याचा पार भुगा झाला. बाप हरावा म्हनू का नवरा?

शेवटी पंच रंगनाथआबांनी तोडगा काढला. कानिफनं एकट्यानंच आखाड्यात उतरायचं. आबांनी सहादेवाचा डाव पुकारायचा, कानिफनं त्याची तोड करून दावायची. तोड चुकली की हरला.

बायांनी आखाड्याजवळ जायचं न्हाई, म्हून मी शाळंच्या ओट्यावरनं बघत हुते.

"सहादेवानं पट काढला!" आबा वरडले.

हे झटक्यात पाय सोडवून मागं सरले आन् वाऱ्यालाच खाली दाबलं.

"सुटला, सुटला!"

"सहादेवाची पकड अशी सुटती व्हय?"

"आरं, तू कवा सापडलाय त्या पकडीत?"

बघनाऱ्यांतच दोघांची जुंपली. कोन कुनाशी खेळतंय, कुनालाच पत्ता न्हाई. हसावं का तिथं जाऊन एकेकाला बडवावं, मला कळंना.

"आता ढाक!" आबांनी पुकारलं.

ढाक म्हंजे तात्यांचा हातखंडा डाव. पन त्याची तोड ह्यांना झोपंतबी येत हुती. आता फेटा आपलाच, असं मी मनात म्हनले. आन् ह्यांनी काय करावं? हात जोडले आन् आपनहून मातीत उतानं पडले!

"सहादेव वस्ताद की जय!" समदा गाव उसळला. फेटा सहादेवाचाच, औंदा शेवटच्या कुस्तीला गावाचा कुनीच उतरनार न्हाई, आबांनी सांगून टाकलं.

घरी आल्या आल्या मी ह्यांना धारंवर धरलं. "ढाकंची तोड इसरलात?"

"न्हाई."

"मग पडलात कशाला?"

हे अंगावरची माती झाडत म्हनले, "आपल्या लग्नाच्या साली तालमीचं दार लावून तात्या आन् मी खेळलो हुतो. त्यांनी ढाक मारली, मी उलटवली, ते चीत झाले. हसत उठले. राहे, लेकीचा नवरा म्हून त्यांनी मला सोडलं, मुद्दाम पडले. एवढं कळत न्हाई व्हय मला? आज मी त्यांच्यासाठी पडलो."



"सोडलं? आवं, त्या दिशी मी म्हायेरीच हुते. तात्या भितीकडं तोंड करून बसले, जेवले न्हाईत. मला म्हनले, 'पोरी, जावयानं मला खरंच पाडलं. म्या लई जोर लावला गं. त्याला सांगू नगंस, माजंल.'"

"मी पाडलं? तात्यांना?"

"व्हय! पाडनाऱ्यालाच ठावं न्हाई, हे मला काय ठावं!"

 ह्यांच्या डोळ्यांत पानी, आन् तोंड तर हसतंय.

"राहे, आजून एकदा सांग," म्हनले.

बाहेर गल्लीत तात्यांच्या नावानं आरोळ्या उठत हुत्या, म्हून मला वरडून सांगावं लागलं.