मडम का रडली?

"रडली! रडली! डावा डोळा बघा, डावा!"

लिंबाच्या पारावरून गलका उठला, तेव्हा मी विहिरीच्या रांगेत होते. नंबर धरायला घागर तिथंच ठेवली आणि धूम ठोकली. लातूर जिल्हा झाल्यानंतरचा तो दुसरा उन्हाळा. नवे साहेब आले, नव्या पाट्या आल्या. पाणी तेवढं आलं नव्हतं.

पारावर लाल मखमलीच्या तुकड्यावर वीतभर उंचीची गोरी मडम उभी होती. निळा घेरदार झगा, टोपीत गुलाबाचं फूल. आणि खोटं कशाला सांगू, तिच्या गालावरून खरंच एक थेंब घसरला. बायकांचे हात आपोआप जोडले गेले.

मडमेचा मालक व्यंकटी बाबू, हैदराबादचा. चार बोटांत चार अंगठ्या, आणि तोंड तासभर चालू.

"दोनशे वर्षांची जुनी! जर्मनीच्या राजाच्या भट्टीतली अस्सल पोर्सलेन! तिथून थेट नवाबाच्या देवडीत, त्याच्या वाड्यात! जुन्या चिजा जमवणारे मुंबईचे मोठमोठे शौकीन माझ्या दारात लाईन लावून हायत. पण मी म्हणलं, न्हाई! ही बाई फक्त तहानलेल्यांसाठी रडते. जिथं रडली, तिथं तीन महिन्यांत विहिरीला पाणी!"

तेव्हा मार्च चालू होता. तीन महिन्यांनी पावसाळाच लागतो, हे कुणी बोटांवर मोजलंच नाही.

आमच्या गल्लीचे शौकीन म्हणजे शेषेरावकाका. जुने अडकित्ते, दौती, विलायती कपबश्या, सगळं त्यांच्या काचेच्या कपाटात. मडमेला बघून काकांचे डोळे तिच्यापेक्षा जास्त पाणावले. विहिरीचा गाळ काढायला जमवलेली वर्गणी त्यांच्याकडंच होती.

"गाळ कशाला काढायचा?" काका म्हणाले. "वर्गणी बाबूला देऊ अन् मडम विहिरीवर बसवू."

माना डोलल्या. मी मात्र मनात हिशेब मांडला. विहिरीत पाणी घोटभर आणि रांग गल्लीभर, त्यामुळं शाळेचा पहिला तास माझा रोजच बुडत होता. सरांनी बजावलं होतं, "पंचशीला, हजेरी अशीच राहिली तर नववीच्या परीक्षेला बसता यायचं नाही." म्हणजे मडम विहिरीवर बसली की मी घरी बसणार!

मी मडमेकडं टक लावून बघत राहिले. थेंब टपकत नव्हता, पाझरत होता. अगदी आमच्या लोणच्याच्या बरणीसारखा! त्या बरणीची वरची झिलई एका जागी उडालीय आणि तिथून तेल पाझरून फळीवर डाग पडतो. तेव्हापासून माझी आई, पारूबाई, बाजारात बरणी घेताना ती उलटी करते. बुडाला झिलई नसते, तिथं जीभ लावते. चिकटली की माती कच्ची, बरणी पाझरणार.

मी गर्दीतून पुढं घुसले. "बाबू, पाया पडू?"

"पड, बेटा, पड."

मी वाकले, मडम उचलली, उलटी केली आणि तिच्या बुडाला जीभ लावली. चिकटली!

"अगं बाई, चाटली!" शेजारच्या तुळजाबाई किंचाळल्या. "पोरीनं देवीला चाटलं!"

"बाटवली!" बाबू उसळला. "आता कोप होईल!"

"माझ्या पोरीच्या जिभेनं बाटंल, तो कसला देव?" मागून आईचा आवाज आला. मला दहा हत्तींचं बळ आलं.

"काका, परवा कपबशी दाखवताना तुम्हीच म्हणाला होता ना, अस्सल पोर्सलेनच्या आत पाणी शिरत नाही?"

"हाव, म्हणलो होतो."

"मग चाटून बघा."

काकांनी इकडंतिकडं बघितलं, चष्मा वर सरकवला आणि चाटलं. जीभ सोडवून घेत म्हणाले, "आयला, हे तर मडकं हाय!"

"म्हणजे अस्सल असली तर रडणार नाही, अन् रडली तर अस्सल नाही. बाबू, यातली कोणती विकताय तुम्ही?"

बाबू मडमेवर झेपावला, पण तोवर मी टोपीतलं फूल उपटलं होतं. फुलाखाली मेण, मेणाखाली भोक. मडम उलटी धरताच आईनं पुढं केलेल्या तांब्यात पेलाभर पाणी पडलं.

"मेल्या, एवढ्यात माझा च्या झाला असता की!" आई म्हणाली, आणि हात जोडलेले लोक पोट धरून हसायला लागले.

कोडं सुटलं. मडम पारावर मांडण्याआधी बाबू पडद्यामागं 'बाईसाहेबांचं स्नान' उरकायचा, तेव्हाच आत पाणी भरायचा. सगळ्या अंगावर झिलई, बूड जाड आणि भरीव, फक्त डोळ्यांच्या कडा सुईनं खरवडलेल्या. पाण्याला बाहेर यायला तेवढीच वाट! आणि पाझरायला वेळ लागतो, म्हणून तासभर बडबड. बाबूला अचानक हैदराबादची बस आठवली. मडम इथंच राहिली.

दुसऱ्याच दिवशी विहिरीत फावडी उतरली. गाळाखाली बुजलेला झरा सापडला. फार मोठा नाही, पण रांग निम्म्यावर आली. परीक्षेपर्यंत मी एकही पहिला तास चुकवला नाही.

मडम आता काकांच्या कपाटात असते. एकदाही रडली नाही. पाणी कोण घालणार?

माझं सांगणं एवढंच, की आई एक बरणी घेताना जेवढी पारख करते, तेवढी चमत्कार घेताना आपण करायला काय हरकत आहे? दोन्ही हात जोडून टाकले, तर वस्तू उलटी कोण करणार?