मोरा बंदरातली रंगीत तालीम

मुंबई बंदरात परदेशी युद्धनौका चार दिवस मुक्कामाला येणार होती. ती अणुभट्टीवर चालायची आणि भट्टी अगदी सुरक्षित होती. इतकी, की ती येण्याआधी समोरच्या किनाऱ्यावरच्या मोऱ्याच्या लोकांना पळायचं कसं ते शिकवायला खात्याचे तीन साहेब जीप घेऊन आले.

बाधित रुग्ण म्हणून त्यांनी बायजाबाईला निवडलं. जेट्टीवर मासे विकणाऱ्या बायजाबाईची टोपली दुपारपर्यंत रिकामी झाली होती, म्हणजे बाधित व्हायला ती मोकळीच होती.

"मना झालंय काय?" स्ट्रेचरवर आडवी होत तिनं विचारलं.

"जहाजाची भट्टी फुटलीय, मावशी. काळजीचं कारण नाही."

"आनि जहाजावर बाँब हायत का?"

"आहेत असं आम्ही म्हणत नाही," मोठे साहेब अदबीनं म्हणाले, "नाहीत असंही म्हणत नाही."

भोंगा बिघडला होता, तेव्हा धाकट्या साहेबांनी तोंडानंच आवाज काढला. किरणोत्सर्गावरच्या आयोडीनच्या गोळ्या कपाटात होत्या आणि कपाटाची चावी रजेवर गेलेल्या कारकुनाकडे. म्हणून लिमलेटच्या वाटल्या. रुग्णवाहिका मच्छीच्या टेम्पोमागे अडकली.

बायजाबाई हसत पडून होती. तेवढ्यात तोंडावर वारं आलं.

"साहेब, हा वारा बंदरावरनं सरल गावात येतोय. पलायचं कुनीकडं?"

साहेबांनी कागद चाळले. "वारा आराखड्यात धरलेला नाही."

बायजाबाईचं हसू मावळलं. वारं जात होतं त्याच बाजूला तिच्या नातीची, मनस्वीची शाळा होती.

'बाधित क्रमांक एक अकरा मिनिटांत इस्पितळात दाखल,' साहेबांनी लिहिलं. टाळ्या झाल्या. "मावशी, उठा आता. स्ट्रेचर परत द्यायचंय."

ती उठली ती थेट दिराकडे गेली. "हिरामन, जहाज हाय तवर होरीत डिझेल भरून ठेव. मनस्वीला मी शालंत धाडनार नाय."

"वयनी, साहेब तर म्हनतात काय होनार नाय."

"मंग मना आडवी कशाला पाडली?"

संध्याकाळपर्यंत आळीतल्या सगळ्या होड्यांत डिझेलचे कॅन चढले. जहाज आलं, चार दिवस राहिलं, गेलं. काही झालं नाही. त्याचं श्रेय खात्यानं तालमीला दिलं. मोऱ्याच्या बायकांनी ते नशिबाला दिलं, आणि पुढचं जहाज कधी येतंय ते कोणी सांगेना, म्हणून कॅन होड्यांतच राहू दिले.