काळी पेज

माडांखालच्या मांडवात माणूस मावत नव्हता. पुढे पाटावर घाटावरून आलेला निर्मळनाथ बुवा, आणि त्याच्या पुढ्यात पेजेची वाटी. बुवाने डोळे मिटले, कमंडलूतलं पिवळट तीर्थ वाटीत शिंपडलं आणि पांढरी पेज बघता बघता काळीनिळी झाली.

"देवा महाराजा!" मांडवभर हात जोडले गेले.

"बघा!" बुवा गरजला. "डॉक्टरांनी पोट फाडलं, आणि त्या उघड्या दारातून बाधा आत शिरली! आता रोगी खातो ते तिच्याच घशात जातं. अन्न बंद! फक्त तुळशीचं पाणी!"

वा रे वा! डॉक्टर टाके घालून दार बंदही करतात, हे या बाधेला कुणी सांगितलं नव्हतं वाटतं.

वाटी नर्मदेने आजारी नवऱ्याच्या पेजेची भरून आणली होती. भर बाजारात कुणाला न घाबरता मासे विकणारी ही बाई आज बुवापुढे मान खाली घालून बसली होती. नवरा शंकर घरी पडून होता. आतड्याला भोक पडलं म्हणून त्याचं ऑपरेशन झालं होतं. इस्पितळात तो पेज, अंडं खाऊ लागला, चालू लागला, मगच त्याला घरी सोडलं. पण घरी आल्यावर शेजारणीने बुवाचं नाव काढलं, आणि त्याचं जेवण तुटलं. "माका पेज दी गो," तो क्षीण आवाजात म्हणायचा, आणि नर्मदा तोंड फिरवून रडायची.

शंकर तपासणीला आला नाही म्हणून त्याचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर तेजस्वी स्वतः घरी आल्या. जखमेच्या कडा अजून ओलसर होत्या, जखम भरत नव्हती. नर्मदेने रडत रडत सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मांडवातून परत आणलेली काळी वाटी नाकाशी नेली, वास ओळखीचा वाटला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, जखम कशावर भरणार? अन्नावरच ना? पोटाच्या ऑपरेशननंतर आम्ही मुद्दाम लवकर खायला देतो. उपाशी ठेवलंत तर टाके उसवतील. माणूस हातचा जाईल."

"पण पेज काळी झाली ती? ह्या डोळ्यांनी बघलंय मी!"

"मग आता तुमची स्वतःची पेज न्या. शंकरदादांची म्हणून द्या. मी सांगून पटणार नाही, तुम्हीच बघा."

नर्मदा मागे सरली. बऱ्या माणसाचं अन्न पुढ्यात आणलंत तर बाधा त्यालाच धरील, अशी बुवाने तंबी दिली होती. म्हणून तर वाडीतल्या कुणी आपली पेज कधी नेलीच नव्हती.

"बाधा माका लागली तर? ह्येंका कोण बघतला?"

"मी येते सोबत."

मांडवात नर्मदेने आपली पेज शंकरची म्हणून पुढे केली. बुवाने पुन्हा डोळे मिटले, तीर्थ शिंपडलं. पेज काळी!

"शंकर काय आता वाचाचो नाय!" कुणीतरी हळहळलं.

नर्मदेने वाटी उचलून सगळ्यांसमोर धरली. मग ती एकदम किंचाळली, "ही माझ्या घोवाची न्हय! माझी पेज आसा ही! माझा पोट कोणी फाडूक नाय!"

बुवा चपापला. "त... तुलाही धरलंय तिने!"

"असं? मग तुमच्या नैवेद्यालाही धरलंय का बघूया," म्हणत डॉक्टरीणबाईंनी कमंडलू बुवाशेजारी मांडलेल्या नैवेद्याच्या भातावर उपडा केला. भात काळा! मग त्यांनी पिशवीतून जखम पुसायच्या औषधाची बाटली काढली, पाण्यात थोडं मिसळलं आणि नैवेद्याच्या दुसऱ्या पानातल्या भातावर ओतलं. तोही काळा!

"यात आयोडीन असतं, या तीर्थातही तेच आहे, आणि तांदळात स्टार्च. दोन्ही एकत्र आले की रंग असाच होणार. मग तांदूळ रोग्याचा असो की बुवाचा."

"देवाची परीक्षा घेता?" बुवा ओरडत राहिला, पण मंडळी आपापल्या घरची पेज आणायला उठली होती.

बाबांनो, आजाऱ्याच्या उशाशी बसलं की भीती वाटतेच, त्यात लाज कसली! पण हेच तीर्थ बऱ्या माणसाच्या अन्नात घातलं तर काय होईल, एवढं तरी विचारा. विचारायच्या आधी रोग्याच्या तोंडचा घास काढू नका.

शंकरला पुन्हा इस्पितळात न्यायला गाडी निघाली होती. "तोवर पेजेचे दोन चमचे द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नर्मदेने चमचा त्याच्या ओठांशी नेला. शंकरने घास गिळला. ती श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मीठ घालूक नाय गो?" तो पुटपुटला, आणि नर्मदा हुंदके देत मीठ आणायला धावली.