चित्रखोलीची ओलसर भिंत

मित्रांनो, मी एक जुनी मातीची भिंत आहे. घोडेगावच्या पेठेत हस्तीमलशेठचं कापडाचं दुकान होतं. त्यामागच्या खोलीची मी पश्चिमेची भिंत. पावसाचा सगळा मारा माझ्याच पाठीवर, त्यामुळे मी बारा महिने ओलसर. माझा स्वभाव जरा कुरकुरा आहे, तो त्यामुळेच.

गोष्ट १९०८ सालच्या आसपासची. शेठना चित्रांचं भारी वेड. जुन्नर-आंबेगावात चित्र काढणारे हात पुष्कळ होते. कुणी देवळं रंगवायचं, कुणी जत्रेचे पडदे. पण त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसायचं. शेठनी मागची खोली रिकामी केली, या लोकांची चित्रं तिथे मांडली आणि तिला चित्रखोली म्हणू लागले. पेठेतल्यांनी चिक्कार थट्टा केली. शेठनी ती कानाआड केली.

माझ्या तिन्ही बहिणी चित्रांनी भरून गेल्या. माझ्यावर आळे गावच्या भिमाजीचा मोर लावला होता, पण दोन महिन्यांत त्याला बुरशी चढली. शेठनी खिळाच उपटला. तेव्हापासून येणारी माणसं तीन भिंती बघायची आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. मी तेव्हा फार एकटी होते.

मग एका बाजाराच्या दिवशी भीमाशंकरच्या डोंगरातली चिमाबाई लेकीच्या लग्नाचं लुगडं घ्यायला आली. खोलीत डोकावली आणि ही भिंत मोकळी का, असं तिनं विचारलं. शेठ हसून म्हणाले, तूच भर. तिनं खरंच मनावर घेतलं. लेकीचं लग्न उरकल्यावर ती आली, मला शेणानं सारवलं, तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं आणि बांबूची काडी चावून तिचा कुंचला केला. तीन दिवसांत माझ्यावर भातखाचरं उतरली, नवरा-नवरी आली, फेर धरून नाचणाऱ्या बाया आल्या, कोपऱ्यात वाघोबा बसला. काढताना ती हळू गुणगुणायची. माझ्यापाशी कुणी इतका वेळ बसलं नव्हतं.

ते चित्र बघायला जुन्नरहून लोक येऊ लागले. शेवटी शेठनी पुण्याच्या एका चित्रकलेच्या मास्तरांना पत्र लिहिलं. ते येऊन चित्रं निवडणार होते, आणि पुण्यात भरणाऱ्या प्रदर्शनात त्यांच्या खाली काढणाऱ्यांची नावं लागणार होती. माझं चित्र काही मला सोडून जाणार नव्हतं, पण मास्तर त्याची नक्कल उतरवून नेणार होते. चिमाबाईचं नाव पुण्याला जाणार, या विचारानं मी हरखून गेले होते.

आता एक गोष्ट सांगते. चिमाबाईच्या वाडीत चित्र एका कार्यापुरतं असतं. कार्य झालं की त्यावर सारवायचं, पुढच्या कार्याला नवं काढायचं. हे शेठना ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

शेठ मास्तरांना आणायला गेले, त्या दिवशी चिमाबाई बाजाराला आली. पाहुणे येणार आहेत, हे सुमतीबाईंनी, म्हणजे शेठाणीबाईंनी, तिला कौतुकानं सांगितलं. चिमाबाईनं पदर खोचला, शेण कालवलं आणि वरपासून खालपर्यंत मला सारवून काढलं. बाया गेल्या, खाचरं गेली, वाघोबा गेला.

दिवेलागणीला शेठ मास्तरांसह दारात आले. मी ओलीचिंब होते.

"पावण्यांना शिळं कसं दावायचं, शेठ?" चिमाबाई आनंदानं म्हणाली. "वाळलं की ताजं काढते."

शेठचा चेहरा उतरला. मी ओलसर भिंत, दोन दिवस वाळणार नव्हते, आणि मास्तरांना सकाळीच निघायचं होतं.

"कुणाला विचारून पुसलंस?" शेठ पाहुण्यांसमोर ओरडले. "भिंत माझी आहे!"

चिमाबाईनं हात धुतले. कुणी तिला पाणी विचारलं नाही. ती गेली.

मास्तरांनी इतरांची चित्रं नेली. भिमाजीच्याही दुसऱ्या एका चित्राखाली त्याचं नाव पुण्यात लागलं. महिनाभरानं शेठचा राग निवळला आणि ते स्वतः डोंगर चढून तिच्या वाडीवर गेले. परतल्यावर इथेच, माझ्यासमोर बसून त्यांनी सुमतीबाईंना सगळं सांगितलं. चिमाबाईनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं, लेकीची खुशाली सांगितली. शेठनी हात जोडून पुन्हा चित्र काढायला बोलावलं. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "म्या रागावले न्हाई, शेठ. पर भिंत तुमची हाय. मग तिच्यावर तुमीच काढा."

सांगताना शेठ रडले. माझ्यावर पुढे त्यांनी कुणालाच काही काढू दिलं नाही. शेठ गेले, चित्रं पांगली, खोलीत कापडाचे गठ्ठे आले. सारवणाखाली चिमाबाईची खाचरं अजून आहेत, पण ती बघणारं कुणी नाही.

मित्रांनो, चित्रं जपा, ती जपायलाच हवीत. पण तुमच्या घरी कुणी चित्र काढायला आलं, तर त्यांच्याकडची रीत आधी विचारून घ्या, आणि काही बिनसलं तरी आधी पाणी द्या. हस्तीमलशेठांसारखा भला माणूस तेवढंच विसरला, आणि चिमाबाई परत आली नाही.