गौरवजींची क्वांटम तार

रविवारची बुद्धवंदना संपली तरी गाझियाबादच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमधून कोणी हलायला तयार नव्हतं. गौरवजी नावाच्या 'ध्वनितज्ज्ञा'ने स्पीकरची साधी वायर काढून जाडजूड काळी तार जोडली होती. कानाचं मशीन काढून बसलेले माझे मिस्टर शामराव ओरडले, "रमा, शब्द न् शब्द ऐकू येतोय!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मामूली तार आवाज को मैला करती है," गौरवजी गरजले. "मेरी तार क्वांटम है! कान की नसें जाग जाती हैं. मशीन कान को आलसी बनाती है!"

हा माणूस विभूती घेऊन आला असता, तर विदर्भातून नोकरीसाठी इकडे आलेल्या आमच्या लोकांनी त्याला जिन्यातूनच परत पाठवलं असतं. बुवा, नवस आम्ही केव्हाच सोडले. पण हा विज्ञानाचं नाव घेऊन आला आणि सगळे पाघळले. शामरावांचं मशीन कपाटात गेलं. बुधवारी रस्ता ओलांडताना मागून ट्रक हॉर्न देत होता, यांना पत्ताच नाही. मी दंडाला धरून ओढलं म्हणून वाचले. माझं डोकंच फिरलं.

मी शाळेत फिजिक्स शिकवलं आहे. तार बदलताना गौरवजींचा डावा हात हळूच आवाजाच्या बटणावर गेलेला मी पाहिला होता. बाजारातून तांब्याची साधी वायर आणली, टोकं सोलली, प्लग बसवले, वरून काळं जाळीदार आवरण चढवलं. आमची मुलगी क्रांती म्हणाली, "यार मम्मी, सेम टू सेम!"

पुढच्या रविवारी गौरवजी पुन्हा आले, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं, "आज तारा मी बदलणार, पडद्याआड. बटणसुद्धा माझ्याच हाती."

"नेगेटिव्ह एनर्जी आएगी, मॅडम!"

"येऊ द्या की."

आधी त्यांचीच तार लावली, आवाज होता तेवढाच ठेवला. शामरावांनी मान हलवली. "काही कळत नाही गं."

मग माझी घरगुती तार लावली आणि आवाज थोडा वाढवला.

"हीच! हीच क्वांटम!" ते उभेच राहिले.

मी पडदा सरकवला आणि दोन्ही तारा दाखवल्या. "अहो, ही मी आपल्या जेवणाच्या टेबलावर बनवली. तुम्हाला तार नाही, वाढवलेला आवाज ऐकू आला. मागच्या रविवारी गौरवजींनी गुपचूप हेच केलं."

शामराव खाली बसले. क्रांतीने कपाटातून आणलेलं मशीन पर्समधून काढून त्यांच्या कानात बसवलं. तिकडे तार गुंडाळता गुंडाळता गौरवजी पुटपुटले, "बहरा बुड्ढा, इसे क्या समझेगा."

"सुन लिया, गौरवजी," शामराव म्हणाले. "बहरे बुड्ढे ने सब सुन लिया. अब निकलिए यहाँ से."

गौरवजी गेले, पण उद्या दुसरा येईल, आणखी भारी शब्द घेऊन. विज्ञानाचं नाव घेतो म्हणून कोणाचं खरं मानू नका. कसं होतं ते विचारा, स्वतः करून बघा. आणि करून बघायला जो अडवेल, त्याला सरळ दार दाखवा.