हितेशच्या गाडीतला आवाज

टेमघरात तुळशीरामच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. गेल्या वर्षी वारलेला त्याचा लेक हितेश रोज दिवेलागणीला स्वतःच्या गाडीतून बोलायचा. आई कमळ त्याच्या सीटवर भाकरी-सुकट ठेवायची. मठाचे केसरीनाथबुवा उदबत्ती ओवाळत सांगायचे, "इंजिन बंद, चावी घरात, तरी बोलतोय! आत्म्याला पेट्रोल लागत न्हाय!" पेट्रोलचे भाव बघता लोकांना ते पटायचंही.

आधी आत्मा नुसती खुशाली विचारायचा. मग 'माझ्या नावावरची कशेळीची जागा बुवांच्या मठाला द्या' म्हणू लागला. हितेशची बायको मृणाली सहीला तयार होईना, तेव्हा गरजला, "बाबा, हिला घराबाहेर काढा!" हितेश असं बोलणारा नव्हता, हे मृणालीला पक्कं ठाऊक होतं. पण तिचं ऐकतो कोण? तिने कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या धम्मदिनाला, आपल्या मैत्रिणीला, बोलावलं.

"गाडी मधे कुठे होती?" धम्मदिनाने विचारलं.

"आत्म्याच्या शांतीसाठी मठात."

दिवेलागणीच्या थोडं आधी, बुवांसकट जमलेल्या सगळ्यांसमोर, धम्मदिना डॅशबोर्डखाली वाकली. मृणाली वायर ओढायला धावली.

"थांब! आधी बॅटरी सोडवू. ठिणगी उडून वायर जळली तर बुवा त्याला आत्म्याचा कोप म्हणतील."

धम्मदिनाने बॅटरीची काळी वायर आधी काढली, थोडा वेळ थांबली, मग खटका दाबून जोडणी सोडवली आणि डबी बाहेर काढली. "ही गाडीसोबतच आलेली फोनची डबी. चावी नसली तरी बॅटरीवर चालते, आलेला फोन आपोआप उचलते. मठात कुणीतरी हिच्यात सिमकार्ड घातलंय."

"यंत्र असंल, पण आवाज आत्म्याचाच!" बुवा ओरडले.

धम्मदिनाने ते कार्ड आपल्या मोबाइलमध्ये घातलं. दिवे लागले आणि मोबाइल वाजला. तिने फोन उचलून स्पीकरवर टाकला. "बाबा, मी हितेश..." मागे यंत्रमागांची खडखड चालली होती.

"वर पन लूम चालतात काय रं?" शेजारच्या आक्काने विचारलं. हितेशचा आवाज काढणाऱ्या बुवांच्या माणसाने फोन कट केला. बुवा घरात शिरून मागच्या दाराने पसार झाले.

मृणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता सुटले, असं तिला वाटलं. तेवढ्यात कमळ म्हणाली, "ती डबी परत लाव."

"आई, ते हितेश नव्हते."

"म्हायती हाय. पन आवाज तरी व्हता. तुज्यामुलं आता तो पन न्हाय."

तुळशीराम आत गेला. त्याने मृणालीची बॅग आणून ओट्यावर ठेवली.

मेलेलं माणूस फोन करत नाही. जिवंत माणसाला घराबाहेर काढा, असं सांगणारा आवाज आला, तर बोलतंय कोण आणि जागा कुणाला मिळणार, एवढं तरी विचारा. टेमघरात त्या संध्याकाळी दोन्ही उत्तरं सगळ्यांना कळली होती. तरी मृणालीला 'थांब' कुणीच म्हटलं नाही.