लस न घेतलेली फटफटी

मी एक शंभर सीसीची म्हातारी फटफटी बोलतेय. नंबराची पाटी मलेशियातल्या जोहोरची. रंग निळा, पण तो आता टाकीच्या खालच्या बाजूलाच उरलाय, जिथे ऊन पोहोचत नाही. माझ्या धन्याने, महादीने, हे सांगायला हवं होतं. पण तो अलीकडे फारसा बोलत नाही, म्हणून मीच तोंड उघडलं.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. माणसांना तरी आपला कुठे आठवतो? माझी आठवण सुरू होते ती बजुरीकाकांपासून. काका म्हणजे महादीचे वडील. ते मासे विकायचे. पहाटे धक्क्यावर जायचं, दोन पेट्या माझ्या पाठीवर बांधायच्या आणि किनाऱ्याकिनाऱ्याने सात गावं फिरायची. पेट्यांतलं खारं पाणी वर्षानुवर्षं माझ्या सायलेन्सरवर ठिबकत राहिलं. शेवटी तिथे चिंचोक्याएवढं भोक पडलं, आणि माझा आवाज कायमचा बदलला. फट, फट, मग एक टक. पुन्हा फट, फट, टक. काका ते भोक बुजवायला तयार नव्हते. बायका लांबूनच आवाज ओळखून टोपल्या घेऊन बाहेर येतात, मग ओरडायचे कष्ट कशाला, असा त्यांचा हिशेब.

महादीला पुलापलीकडे सिंगापुरात पावाच्या कारखान्यात काम लागलं तेव्हा काकांनी मला त्याच्या हवाली केलं. अकरा वर्षं आम्ही रोज पूल ओलांडला. पहाटे साडेचारला निघायचं, छातीवर वारा लागू नये म्हणून महादी जॅकेट उलटं घालायचा, चेन पाठीवर. आमच्याकडचे सगळेच तसं घालतात. पुलावर आमच्यासारख्या हजारो फटफट्या, धूर, खोकला आणि शिव्या. परदेशी चाललोय असं कुणाच्या मनातही यायचं नाही. परदेश म्हणजे विमान. हे तर नुसतं कामावर जाणं होतं.

संध्याकाळी काका पायरीवर बसलेले असायचे. कोपऱ्यावर माझा आवाज आला की उठून फाटक उघडायचे आणि विचारायचे, "जेवलास का?" आत ताट वाढलेलं असायचं, तरी विचारायचे.

मग रोग आला. एका सोमवारी रात्री बातमी झाली की परवापासून सीमा बंद. कारखान्याने कळवलं, इकडे येऊन राहिलात तर काम राहील. मंगळवारी दुपारी महादीने दोन शर्ट एका पिशवीत कोंबले. बायको सल्बिया म्हणाली, दोन आठवडे तर आहेत, जा. काकांनी माझी सीट उचलून रेनकोट आहे ना ते पाहिलं. महादी त्यांचा हात कपाळाला लावून आला असता, पण त्याला घाई होती. दोन आठवड्यांसाठी कोण एवढा निरोप घेतो?

दोन आठवड्यांचे दोन महिने झाले, मग वर्ष. मधे एक सोय निघाली होती, पण जाताना चौदा दिवस खोलीत बंद, येताना पुन्हा चौदा. एवढी रजा देणारा मालक कुठे मिळायचा? महादी पुलाच्या सिंगापूरकडच्या टोकाला, वुडलँड्समध्ये, एका खोलीत आणखी पाच जणांबरोबर राहू लागला. मी खाली इमारतीच्या वाहनतळावर. शेजारी तंगवेलूची फटफटी. तंगवेलू त्याच कारखान्यातला, त्याच खोलीतला, आमच्याच बाजूचा. माझ्या कागदांची मुदत संपली, चाकं बसली, आरशात कोळ्याने घर केलं. तिथून चार पावलं टाकली की पाणी, आणि पाण्यापलीकडे जोहोरच्या इमारती. रात्री तिकडचे दिवे मोजता येतील इतकं जवळ. ते पाहून माझा जीव तळमळायचा.

खोलीत सहा जणांत बोलायची सोय नसल्याने महादी रोज संध्याकाळी माझ्या सीटवर बसून घरी फोन करायचा. त्यामुळे घरातलं सगळं मला कळायचं. काका विसरू लागले होते. आधी मिठाचा डबा, मग शेजाऱ्यांची नावं. पुढे फोनवर महादीचा चेहरा दाखवला तरी "हे कोण?" असं सल्बियाला विचारू लागले. तो चेहरा तळहाताएवढ्या काचेत, म्हाताऱ्याने ओळखावा तरी कसा?

एका रविवारी महादीच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. इंजिन जाम होऊ नये म्हणून तो मला दर रविवारी चालू करायचा. त्या दिवशी त्याने फोन माझ्या सायलेन्सरजवळ धरला. फट, फट, टक. आणि फोनमधून काकांचा आवाज आला, अगदी पूर्वीसारखा खणखणीत: "महादी आला. फाटक उघडा."

महादी हसला आणि रडला. मलाही काय अभिमान वाटला म्हणून सांगू. जे तोंड पाहून जमलं नाही ते माझ्या भोकाने जमवलं. मग ते रोजचंच झालं. रोज फोन, रोज फट, फट, टक, आणि पलीकडे "महादी आला."

पण आला म्हटलेला माणूस यायला नको का? आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही ते सल्बियाच्या आलं. ती एकदा फोनवर म्हणाली, "अहो, हे बंद करा. आवाज ऐकला की बाबा फाटकात जाऊन उभे राहतात. तासतासभर हलत नाहीत. जेवायला बोलावलं तर म्हणतात, तो गाडी लावतोय, आल्यावर बसू."

महादीने चार दिवस बंद केलं. पाचव्या दिवशी काका फोनवर काहीच बोलेनात, तेव्हा त्याला राहवलं नाही. त्याने मला किक मारली. तिकडे पाऊस पडत होता हे त्याला माहीत नव्हतं. काका पायरीवरून घाईने उतरले, शेवाळावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. पडल्याचा आवाज मी फोनमधून ऐकला. तेव्हापासून मला माझ्या आवाजाची भीती वाटते.

त्यानंतर महिन्याभरात नवे नियम निघाले. ज्यांनी लसीच्या दोन्ही सुया टोचून घेतल्या आहेत त्यांना पलीकडे जाता येईल, खोलीत कोंडून न घेता. मात्र ठरलेल्या बसनेच, दिवसाला ठरलेली माणसंच, आणि जायच्या आधी व उतरल्यावर नाकात काडी. स्वतःचं वाहन चालणार नाही. महादीच्या दोन्ही सुया कधीच झाल्या होत्या. सहा जण सहा फोन घेऊन तिकिटांवर तुटून पडले. पहिल्या दिवशी हाती भोपळा, दुसऱ्या दिवशीही भोपळा. तिसऱ्या दिवशी तंगवेलूच्या फोनवर महादीच्या नावाचं एक तिकीट लागलं, ते डिसेंबरच्या मध्यावरचं.

महादी जाण्याआधी खाली आला, माझ्या सीटवर हात ठेवून नुसता उभा राहिला. तंगवेलू म्हणाला, "भाऊ, हिला सुई टोचायला दंडच नाही, नाहीतर हिलाही टोचून आणली असती."

तो गमतीत म्हणाला. मला मात्र ती गोष्ट लागली. रोग माझ्या अंगाला शिवणार नव्हता, मी कुणाच्या तोंडावर शिंकणार नव्हते. तरी मला जायला बंदी, आणि घरी ओळख होती ती माझीच.

पुढचं मी पाहिलेलं नाही. परतल्यावर महादीने माझ्यावर बसून तंगवेलूला सांगितलं ते ऐकलं. बस उतरून, काडी घालून, तासभर थांबून तो घरी पोचला तेव्हा काका खाटेवर होते. महादीने तोंडावरची पट्टी काढली, हात धरला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि अदबीने म्हणाले, "बसा ना. महादीचे मित्र का तुम्ही? तो येईलच इतक्यात. अजून गाडी वाजली नाही त्याची."

"मी म्हटलं, बाबा, मीच महादी," महादी तंगवेलूला सांगत होता. "तर हसले. म्हणाले, चेष्टा करता म्हाताऱ्याची. माझा मुलगा फटफटीवरून येतो."

आठ दिवस तो तिथे होता. अंग पुसलं, भात भरवला, लघवीचं भांडं धरलं. आठही दिवस काका त्याला 'अहो-जाहो' करत होते आणि पाहुण्याला त्रास देतोय म्हणून संकोचत होते. परतीचं तिकीट ठरलेलं, ते चुकवलं तर काम गेलं. निघताना काका म्हणाले, "महादी भेटला तर सांगा, लवकर ये म्हणावं."

आल्यावर महादी मला पुसायला लागला. रोज. कामावरून यायचं, चिंधी घ्यायची आणि गंज घासायचा. मला कळत होतं त्याचं काय चाललंय. मला नेल्याशिवाय त्याचं घरी जाणं मोजलंच जाणार नव्हतं. इकडे नव्या जातीचा रोग आला, तिकिटं थांबली, पुन्हा सुरू झाली. तिकडे काकांनी खाणं कमी केलं. सल्बिया सांगायची, घास तोंडात धरून बसतात, गिळत नाहीत. महादीचा जीव टांगणीला लागला होता. आपल्याला उशीर होणार, हे तो रात्री झोपेतही पुटपुटतो असं तंगवेलू म्हणाला.

मार्चमध्ये कळलं की एक एप्रिलपासून सुया झालेल्या सगळ्यांना पूल मोकळा. बस नको, काडी नको, आणि स्वतःची वाहनं चालतील. महादीने त्याच दिवशी मला ढकलत मेस्त्रीकडे नेलं. बॅटरी नवी, चाकं नवी, साखळी नवी; कागदही नवे करून घेतले. मेस्त्री म्हणाला, सायलेन्सर तर चाळण झालाय, बदलू या. महादीने त्याचा हात धरला. "सगळं बदल. त्याला हात लावू नकोस."

शुक्रवारी सकाळी आम्ही पुलावर होतो. दोन वर्षांनी. शेकडो फटफट्या भोंगे वाजवत होत्या, अनोळखी माणसं एकमेकांना हात करत होती. महादीने जॅकेट उलटं घातलं होतं. फोनमधली हिरवी खूण पाहून अधिकाऱ्याने जा म्हटलं. मला कुणी काही विचारलं नाही. एवढ्यासाठी दोन वर्षं?

गावाच्या कोपऱ्यावर मी होतं नव्हतं ते सगळं बळ लावून वाजले. फट, फट, टक. फाटकापाशी पोचतोय तोच आतून आवाज आला, चिरका, पण त्यांचाच: "सल्बिया, फाटक उघड. महादी आला."

महादीने मला स्टँडवरही नीट लावलं नाही. धावत आत गेला. खिडकी उघडी होती, मला खाट दिसत होती. तो खाटेपाशी गुडघ्यांवर बसला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"गाडी लावतोय वाटतं," काका म्हणाले. "तुम्ही बसा ना."

महादी बाहेर आला. मला चालू केलं, थोडं मागे नेऊन पुन्हा आणलं, आत गेला. पुन्हा तेच. पुन्हा बाहेर आला. असं चार वेळा केलं त्याने. चौथ्या वेळी तो पुन्हा किल्ली फिरवायला गेला, तेव्हा सल्बियाने येऊन ती काढून घेतली. "अहो, पुरे," ती म्हणाली. "ते नाही ओळखत. पण गाडी ओळखतात ना? निदान जेवतील."

तेव्हापासून आमचं असं चाललंय. महादी पूर्वीसारखा रोज माझ्यावरून कामाला जातो आणि संध्याकाळी परततो. हात धुऊन तो ताट घेऊन खाटेपाशी बसतो. बाहेर सल्बिया मला किक मारते. मी खिडकीखाली वाजत राहते आणि काका घास गिळतात. आंबट-तिखट कालवणातला मासा महादी काटे काढून भरवतो. मी थांबले की काकांचं तोंडही थांबतं.

काल त्यांनी चार घास खाऊन मान वळवली. महादीने आणखी एक तुकडा पुढे केला. काकांनी त्याचा हात हलकेच बाजूला केला आणि म्हणाले, "राहू द्या. तो तुकडा माझ्या मुलासाठी ठेवा. दमून आलाय तो."

महादीने बरं म्हटलं आणि तुकडा ताटाच्या कडेला ठेवला.

नियम करणाऱ्यांवर माझा राग नाही. रोग खरा होता, माणसं खरोखर मेली. माझं मागणं एवढंच आहे, आणि तेही मेस्त्रीकडे. माझं इंजिन आता तापतं, मधेच गचके देतं. काय हवं ते काढ, काय हवं ते घाल. पण ते भोक बुजवू नकोस. आणि रोज संध्याकाळी, काकांचं जेवण होईस्तोवर तरी, मला बंद पडू देऊ नकोस.